आयफेलनं टॉवर खरंच प्रेयसीसाठी बांधला का? अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याचं उत्तर

प्रश्न विचारलाय तो असा. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या नाशिकच्याच एका मुलानं २०२१ चा 'आयफेल' हा फ्रेंच सिनेमा बघितला. त्यात इंजिनीअर गुस्ताव आयफेलची तरुणपणीची प्रेयसी आद्रिएन बऱ्याच वर्षांनी त्याच्यासमोर येते, तेव्हा ती दुसऱ्याची बायको असते, आणि तिला बघून हा ३०० मीटरचा टॉवर उभा करायचं मनावर घेतो. तर यातलं खरं किती, टॉवरचा आकार तिच्या नावातल्या 'ए'वरून आला का, आणि साइटवरचं काम दाखवलंय ते तरी बरोबर आहे का.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत तीस वर्षं स्ट्रक्चरल फॅब्रिकेशन आणि इरेक्शन, म्हणजे लोखंडी सांगाडे बनवून जागेवर उभे करायचं काम करतोय, शेड, गॅन्ट्री, टाक्यांचे टॉवर, चार-दोन पादचारी पूल, त्यामुळे इतिहासकार म्हणून नाही तर लोखंड उभं करणारा म्हणून सांगतो. तरुणपणीचं प्रेम खरं आहे. परत भेटणं सिनेमावाल्यांनी रचलंय, आणि सिनेमा सत्यकथेवरून मोकळेपणानं घेतलेला आहे हे त्यांनी लपवलेलं नाही. आकार वाऱ्यामुळे आला. आणि चार पाय पहिल्या मजल्याला जुळवतात तो प्रसंग अगदी खरा आहे, माझ्या मते तर अख्ख्या सिनेमातला प्रेमाचा प्रसंग तोच आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला आहे. आता नीट सांगतो.

आयफेल १८३२ चा, दिजाँ गावचा. शिकला केमिस्ट्री, ही गोष्ट फार जणांना माहीत नसते. २५-२६ वर्षांचा असताना बोर्दोला गारोन नदीवरचा रेल्वेचा पूल त्याच्याकडे आला, लांबी जवळजवळ ५०० मीटर, आणि पाया पाण्याखाली, दाबलेल्या हवेनं पाणी बाहेर रेटून आत माणसं उतरवून खोदायचं. वरचा माणूस मधेच बाजूला झाला आणि हे सगळं या पोराच्या अंगावर पडलं. १८६० ला पूल झाला. त्याच बोर्दोत आद्रिएन बूर्जेसशी त्याचं लग्न ठरायचं होतं आणि तिच्या घरच्यांनी नाही म्हटलं. इथपर्यंत नोंद आहे.

यापुढचं जे खरं आहे ते आपल्याकडच्या माणसाला लगेच समजेल. त्यानं आईला पत्र लिहून सांगितलं की आता तूच मुलगी बघ. म्हणजे चक्क स्थळ बघितलं. १८६२ ला दिजाँच्या मार्गरीत गोदले हिच्याशी लग्न झालं, पाच मुलं झाली, आणि १८७७ मध्ये ती गेली. त्यानं परत लग्न केलं नाही, मोठी मुलगी क्लेअर शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहिली. आणि १८७७ हे साल बघ, त्याच वर्षी पोर्तुगालमधे पोर्तोला दोरू नदीवर त्याचा मारिया पिया पूल पूर्ण झाला, १६० मीटरची कमान, खाली नदी एवढी खोल आणि ओढ एवढी की पाण्यात आधार उभा करणं शक्यच नाही, म्हणून दोन्ही काठांकडून अर्धी अर्धी कमान तारांनी मागे खेचून धरत हवेत पुढे सरकवत आणली आणि मधोमध जुळवली. घरात बायको गेलेली आणि त्याच वर्षी हा माणूस लोखंडाचे दोन अर्धे भाग नदीच्या मधे एकमेकांना भेटवतोय. मला कुणी सिनेमा काढायला सांगितला तर मी इथून सुरू केला असता, मला मनापासून वाटतं की मार्गरीतवर त्या सिनेमात अन्याय झालाय. जिच्याशी १५ वर्षं संसार केला ती कोपऱ्यात, आणि जिच्या घरच्यांनी नाही म्हटलं ती पडदाभर.

आता 'ए'चं. टॉवरचं पहिलं चित्र आयफेलनं काढलेलंच नाही. ६ जून १८८४ ला त्याच्या कंपनीतला मॉरिस केकलँ नावाचा २८ वर्षांचा इंजिनीअर, त्यानं एमिल नूगिए या दुसऱ्या इंजिनीअरबरोबर विचार करून ते स्केच काढलं. शेजारी उंची कळावी म्हणून नोत्र दाम, स्टॅच्यू ऑफ लिबर्टी वगैरे एकावर एक रचून दाखवलेत. आयफेलला ते आधी फार भावलं नाही. मग आर्किटेक्ट स्तेफान सोव्हेस्त्रनं त्यात कमानी आणि सजावट घातली तेव्हा त्याचं मन बदललं, १८ सप्टेंबर १८८४ ला तिघांच्या, म्हणजे आयफेल, केकलँ, नूगिए यांच्या नावानं पेटंट झालं आणि पुढे आयफेलनं त्या दोघांचे हक्क विकत घेतले. म्हणजे ज्यानं 'ए' काढला त्याचा आद्रिएनशी काही संबंधच नव्हता. (पहिल्या मजल्याखालच्या त्या मोठ्या गोल कमानी दिसतात ना, त्या वजन घेत नाहीत, शोभेच्या आहेत. माझ्याकडे येणारे ट्रेनी पोरं हमखास म्हणतात की सगळा भार कमानीवर आहे. नाही. भार पायांत आहे.)

मग आकार असा का? ट्रकच्या टपावर उभा राहून बघ, वारा लागला की पाय आपोआप फाकतात. टॉवरच्या कुठल्याही उंचीवर थांब आणि विचार कर की याच्या वरच्या सगळ्या भागावर जो वारा लागतोय त्याचा एकूण जोर कुठल्या बिंदूवर येतो. आता त्या उंचीला दोन्ही पाय ज्या तिरकाईनं आहेत त्या रेषा वर वाढव. त्या दोन रेषा जर बरोबर त्या बिंदूवर भेटत असतील तर वाऱ्याचा जोर पायांच्या अंगानं सरळ खाली जमिनीत जातो, दोन पायांच्या मधे आडवं कापायला काही उरत नाही, मग मधे जाडजूड क्रॉस ब्रेसिंग, म्हणजे पायांना एकमेकांशी बांधणाऱ्या तिरक्या पट्ट्या, लागत नाही. प्रत्येक उंचीला हे पाळत खाली आलास की ती वक्ररेषा आपोआप तयार होते, वर जवळजवळ सरळ, खाली फाकलेली. ब्रेसिंग कमी म्हणजे लोखंड कमी, लोखंड कमी म्हणजे वाऱ्याला धरायला पण कमी, दोन्हीकडून फायदा. लोखंडाचं वजन सगळं मिळून ७३०० टन आहे, मी एकदा कागदावर हिशोब केला होता, सगळं वितळवून पायथ्याच्या १२५ बाय १२५ मीटरच्या चौकोनात ओतलं तर जेमतेम ६ सेंटीमीटरचा थर होतो. ३०० मीटर उंची आणि ६ सेंटीमीटर माल! हे कळल्यापासून मला तो टॉवर आणखीच सुंदर दिसायला लागला.

आता माझ्या आवडीचा भाग, म्हणजे साइट.

करार ८ जानेवारी १८८७ ला झाला, २८ जानेवारीला खोदाई सुरू, ३१ मार्च १८८९ ला झेंडा वर. दोन वर्षं दोन महिने. सरकारनं दिले १५ लाख फ्रँक, खर्च त्याच्या कितीतरी पट, बाकीचा पैसा आयफेलनं उभा करायचा आणि २० वर्षं तिकिटातून वसूल करायचा. आपल्या भाषेत बीओटी, बांधा, वापरा, परत करा. सुरुवातीलाच मोपासाँ, गुनो, गार्निए असल्या मोठमोठ्या लेखक-कलावंतांनी १४ फेब्रुवारी १८८७ ला पेपरात निषेध छापला, पण तोपर्यंत पाया खोदायला लागले होते.

चारपैकी सेन नदीच्या बाजूच्या दोन पायांना खाली पाणी लागत होतं. तिथं लोखंडी पेट्या, म्हणजे केसॉन, उतरवून दाबलेल्या हवेनं पाणी दूर ठेवलं आणि माणसांनी आत बसून खोदलं. बोर्दोला पंचविशीत जे शिकला तेच पन्नाशी ओलांडल्यावर कामाला आलं. सिनेमात हा भाग आहे आणि चांगला आहे.

पण खरा जीव आहे वर्कशॉपमधे. पॅरिसला लागून लव्हाल्वा-पेरेला त्याचा कारखाना होता. १८,०३८ भाग, त्यासाठी ५३०० च्या आसपास ड्रॉइंग, आणि होलची जागा मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत काढलेली, कॅलक्युलेटर नाही कॉम्प्युटर नाही, लॉगॅरिथमचे तक्ते घेऊन बसलेली माणसं. साइटवर एखादा भाग बसला नाही तर साइटवर घासायचा नाही, कारखान्यात परत पाठवायचा. हे वाचलं तेव्हा मी खरंच थोडा वेळ गप्प बसलो, कारण आपल्याकडे होल नाही जुळलं की पहिला माणूस ड्रिफ्ट, म्हणजे निमुळती लोखंडी पिन, ठोकतो, दुसरा गॅस कटर घेऊन येतो आणि होल लांबट करून टाकतो, वर वॉशर लावला की कुणाला दिसत पण नाही. दिसत नाही पण जोड कायमचा ढिला झालेला असतो. माझ्या शॉपमधे गॅसनं होल वाढवायला बंदी आहे ती त्या दिवसापासून.

जोड सगळे रिव्हेटचे, एकूण २५ लाख, त्यातले साधारण एक तृतीयांश साइटवर मारलेले. वेल्डिंग नव्हतंच, आणि मालही आजचं स्टील नव्हे, पडल्ड आयर्न, म्हणजे भट्टीत ढवळून शुद्ध केलेलं लोखंड, फ्रान्समधल्याच लोरेन भागातल्या पाँपेच्या भट्ट्यांतलं. एका रिव्हेटमागे चार माणसं, एक भट्टीवर लाल करणार, एक मागून डोकं दाबून धरणार, एक पुढच्या टोकाला आकार देणार, एक घण मारणार. गरम रिव्हेट गार होताना आखडतो आणि दोन्ही प्लेटा करकचून आवळतो, त्याची सगळी गंमत या आवळण्यात आहे. जुन्या रेल्वे पुलावर कधी हात फिरवून बघ, ती गोल गोल डोकी हाताला लागतात, एकसारखी वाटली तरी प्रत्येक थोडी वेगळी असते कारण ती हातानं मारलेली आहे.

आता तो प्रसंग. चार पाय चार कोपऱ्यांतून तिरके वर येतायत, मधे कशाला कशाचा आधार नाही. ठरावीक उंचीनंतर ते स्वतःच्या वजनानं आत पडतील म्हणून खाली लाकडी मचाण बांधले. आणि साधारण ५७ मीटरवर पहिल्या मजल्याचे आडवे गर्डर या चारही पायांना जोडायचे, सगळे एका पातळीत, सगळी होल समोरासमोर. प्रत्येक पायाच्या बुडाशी कामापुरते हायड्रॉलिक जॅक, ८०० टनापर्यंत उचलणारे. आणि मचाणाच्या डोक्यावर, जिथं पाय टेकतो तिथं, वाळू भरलेल्या पेट्या. पाय मुद्दाम किंचित जास्तच वर ठेवलेला, का तर एवढं वजन वर उचलण्यापेक्षा खाली सोडणं सोपं. पेटीच्या खालचं भोक उघडलं की वाळू बारीक धारेनं बाहेर पडते आणि शेकडो टनांचा पाय केसाकेसानं खाली येतो, हवा तिथं आला की भोक बंद. ७ डिसेंबर १८८७ ला तो जोड पुरा झाला आणि मग चार पाय चार राहिले नाहीत, एकच बांधकाम झालं.

जे कधी साइटवर उभे राहिले नाहीत त्यांना यात काय एवढं असं वाटेल. मी सांगतो काय असतं. माझ्या सुरुवातीच्या काळात एका नाल्यावर १४ मीटरचा पादचारी पूल होता, क्रेन जवळ जाईना म्हणून ट्रस, म्हणजे पुलाचा लोखंडी सांगाडा, बाजूच्या मचाणावर जोडला आणि बेअरिंगवर, म्हणजे पूल टेकतो त्या बैठकीवर, उतरवायला मी आयफेलच्याच पद्धतीनं वाळूच्या चार पेट्या केल्या, ८ एमएमच्या प्लेटच्या, खाली बोल्ट लावलेलं भोक. पुस्तकात वाचलेलं करायची हौस. आदल्या रात्री पाऊस झाला आणि पेट्यांवर ताडपत्री टाकायचं मी विसरलो. सकाळी बोल्ट काढले तर तीन पेट्यांतून वाळू आली आणि चौथीतून येईचना, ओली होऊन घट्ट बसलेली. ट्रसचा एक कोपरा वरच आणि बाकीचे तीन खाली जायला लागले. आमचा खलाशांचा, म्हणजे जड माल उचलून बसवणाऱ्यांचा मुकादम, साठीचा माणूस, तो ओरडला नाही की काही नाही, त्यानं फक्त हात वर केला आणि तिन्ही पोरांनी बोल्ट परत दाबून धरले. मग त्यानं त्या चौथ्या कोपऱ्याखाली जॅक लावला, वजन घेतलं, पेटी बाहेर ओढली, माझ्यासमोर वाळू पालथी केली आणि चिमटीत धरून म्हणाला, "साहेब, ही भाजून आणा." आम्ही टपरीवाल्याच्या कढईत वाळू भाजली. दुपारी तीनला चारही कोपरे बसले, होलमधे बोल्ट बोटानं ढकलला तर सरळ आत गेला, हातोडा लागला नाही. तो बोल्ट आत जाताना जे वाटतं ना, ते मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलंय.

म्हणून मी म्हणतो की सिनेमावाल्यांना आद्रिएनची गरज होती असं त्यांना वाटलं असेल, पण मला ती पडद्यावर नसती तरी चाललं असतं. रोमँ द्युरिसनं आयफेल चांगला केलाय, एमा मॅकी पण छान आहे, काम वाईट कुणाचंच नाही. अडचण एवढीच की माणूस एखादं काम जीव ओतून करतो याला कारण म्हणून एक बाई दाखवावीच लागते असं त्यांनी धरलंय.

आणि प्रेमकथाच पाहिजे तर ती कामाच्या आतून निघते. आपल्याकडची दोनच सांगतो. भोर घाटातल्या रेल्वेचं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रजानं १८५९ ला घेतलं आणि आल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला. त्याची बायको अॅलिस, तिनं कंत्राट सोडलं नाही, इंजिनीअर नेमून काम चालू ठेवलं आणि १८६३ ला घाट सुरू झाला. (आपल्या बाजूचा थळ घाट १८६५ चा. पंचवटी एक्सप्रेसनं जाताना कसारा-इगतपुरीच्या मधे एहेगावचा पूल लागतो, खाली जवळजवळ १८० फूट दरी, तेव्हा फोन बाजूला ठेवून बघत जा.) आणि दुसरं, आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके. राजा हरिश्चंद्र १९१३ चा, पण फिल्मला भोकं पाडणं, केमिकल मिसळणं, रात्री बसून डेव्हलप करणं आणि वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक, हे सरस्वतीबाईंनी केलं. अंधाऱ्या खोलीत दोघं मिळून फिल्म धुतायत यापेक्षा मोठा प्रेमाचा प्रसंग मला तरी सुचत नाही.

आयफेलचं टॉवरवर प्रेम होतंच, पण ते सिनेमा संपल्यावर सुरू होतं. पनामा कालव्याच्या कंपनीचं दिवाळं निघालं, तिथं आयफेलचं कंत्राट होतं, त्या प्रकरणात १८९३ ला त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली, वरच्या कोर्टानं ती रद्द केली, पण धंद्यातून मन उडालं. टॉवरचा परवाना २० वर्षांचा, म्हणजे १९०९ च्या शेवटी संपणार आणि नंतर तो पाडला जाऊ शकत होता. तर सत्तरीतला हा माणूस टॉवरला कामाला लावत बसला. वर हवामानाची यंत्रं बसवली. दुसऱ्या मजल्यावरून वेगवेगळ्या आकाराच्या वस्तू तारेवरून खाली सोडून हवेचा विरोध मोजला. १९०९ ला टॉवरच्या पायथ्याशी वाऱ्याचा बोगदा, म्हणजे विंड टनेल, बांधला, आत जोराची हवा सोडून तिचा जोर मोजायला. लष्कराला वायरलेससाठी जागा दिली, स्वतःच्या खिशातून पैसे घातले, आणि त्या वायरलेसनंच शेवटी टॉवर वाचवला, १९१० ला परवाना ७० वर्षांनी वाढला. ज्या वाऱ्यासाठी आकार दिला त्याच वाऱ्याचा अभ्यास करत बसलेला पंचाहत्तरी ओलांडलेला म्हातारा, आणि वर ते ३०० मीटरचं लोखंड. १९२३ ला वयाच्या ९१ व्या वर्षी गेला.

तू सिव्हिलला आहेस म्हणून एक काम सांगतो. रंगाचा रिकामा पाच लिटरचा पत्र्याचा डबा घे, झाकण पूर्ण कापून काढ, बुडाशी बाजूला पेन्सिल जाईल एवढं भोक पाडून लाकडाची खुंटी ठोक. गोदावरीची असो की क्रशरची, वाळू चाळून कढईत भाजून कोरडी कर आणि पाऊण डबा भर. वर डब्यात सैल बसेल अशी लाकडाची गोल चकती, चकतीच्या मधोमध लाकडाचा एक उभा ठोकळा, त्यावर फळी, आणि फळीवर जेवढ्या झेपतील तेवढ्या विटा. मग खुंटी काढ, पट्टी लावून बघ किती वेळात किती मिलिमीटर खाली येतंय, मधेच बोट लावून बंद कर आणि बघ कुठं थांबतं ते. असे चार डबे एकाच फळीखाली लावून फळी पातळीत खाली आणता आली तर मला फोटो पाठव. नाही जमलं तर रविवारी सकाळी दहाच्या आत शॉपवर ये, त्या नाल्यावरच्या चारपैकी दोन पेट्या अजून माझ्याकडे आहेत.